नांगराच्या साखळीची पेटी : काम लहान, हिशोब मोठा

आपल्या समाजातील पुष्कळ बांधव वेल्डिंग, टर्निंग, ओतकाम आणि पत्र्याचे काम या धंद्यांत आहेत. पुण्याहून येताना पंचगंगेच्या पुलाअलीकडे लागणारी शिरोली एमआयडीसी तर अशाच कामासाठी ओळखली जाते. मोटारी, ट्रॅक्टर, पंप, इंजिने यांचे भाग इथे ओतले जातात आणि इथेच कातून, घासून तयार होतात. समुद्र इथून दूर, घाट उतरून पलीकडे. तरीही समुद्रावरचे एक काम शिरोलीच्या एका शेडमध्ये कसे आले, ते करताना काय चुकले आणि त्यातून कोणती माहिती हाती लागली, ते आज वाचकांपुढे मांडत आहोत. काम होते शिडाच्या बोटीवर नांगराची साखळी साठवण्याची पेटी सुधारून देण्याचे.

आम्ही स्वतः कापडवाले. लोखंडाशी आमचा संबंध दुकानाच्या शटरपुरता. पण शिरोलीतील ही शेड आमच्या भाच्याची आहे आणि या कामात भांडवल आमचे होते, म्हणून त्यात डोके घालावे लागले. २०१९ सालच्या सुरुवातीची गोष्ट. गोव्यात चाळीस फुटी फायबरची शिडाची बोट ठेवणारे एक गृहस्थ कोणाच्या तरी ओळखीने शेडवर आले. ही बोट मासेमारीची नव्हे. दूरच्या प्रवासाची, जिच्यात माणसे आठवडेच्या आठवडे राहतात, अशी. त्यांच्या तक्रारी तीन होत्या. नांगर वर घेताना साखळी पेटीत अडकते, म्हणून दरवेळी एका माणसाला खाली बसून हाताने ढीग सारखा करावा लागतो. बोटीचे तोंड जड होऊन लाटेत आपटते. आणि पेटीतून गंजाचे पाणी व चिखलाचा वास केबिनमध्ये येतो. शिवाय साखळी ओढणाऱ्या विंचची चाकी झिजली होती. विंच परदेशी, नवी चाकी मागवायची तर पैसे आणि महिने दोन्ही जाणार होते.

अशा बोटी म्हणजे केवळ परदेशी श्रीमंतांचे खेळणे, अशी आमचीही समजूत होती. ती खरी नाही. गोव्यात दिवाडी येथील अ‍ॅक्वेरियस शिपयार्डमध्ये नौदलासाठी बांधलेली 'म्हादेई' ही ५६ फुटी शिडाची बोट २००९ साली नौदलात आली. तिच्यावरून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये मुक्काम घेत घेत एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कोठेही न थांबता केली. तिचीच धाकटी बहीण 'तारिणी'. तिच्यावरून २०१७-१८ मध्ये सहा महिला अधिकारी आणि २०२४-२५ मध्ये दिलना के. व रूपा ए. या दोघीच जगाला फेरी मारून आल्या. त्याही आधीची गोष्ट मुंबईची. जगात प्रथमच एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण झाली ती २२ एप्रिल १९६९ रोजी. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ती ३२ फुटी सागवानी बोट मुंबईत आपल्याच सुतारांनी हत्यारांनी तासून बांधली होती. तिचे नाव 'सुहैली'. अरबी आखातात आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याला तेथील दर्यावर्दी हे नाव देतात. उर्दू शिकलेल्यांना सुहैल तारा माहीत असतोच.

उर्दू शाळेत आम्ही नांगराला 'लंगर' म्हणायला शिकलो. मराठीत बोट 'नांगरतात' आणि शेतही नांगरतात. खरे पाहता दोन्हींत काम एकच आहे, लोखंड जमिनीत रुतवण्याचे. पण नांगर एकटा बोट धरून ठेवत नाही, हे आम्हाला या कामात प्रथम कळले.

साखळी लांब का लागते

नांगर तळाच्या वाळूत किंवा चिखलात रुततो तो आडव्या ओढीने. ओढ वरच्या दिशेने लागली की तो उपटून येतो. साखळी जड असल्यामुळे तिचा बराच भाग तळावर पडून राहतो आणि नांगरापाशी ओढ आडवी राहते. वाऱ्याचा झटका आला की आधी साखळी उचलली जाते, झटका तिच्यात जिरतो. तळाला खडक असले तरी ती दोरासारखी कापली जात नाही. म्हणून साखळी खोलीच्या निदान पाचपट सोडावी, असा दर्यावर्दींचा ठोकताळा आहे.

खोली मोजताना भरती धरावी लागते. समजा ओहोटीला सहा मीटर पाणी आहे. मुंबईकडे मोठ्या भरतीत पाणी चार मीटरच्या वर चढते. त्यात पाण्यापासून बोटीच्या टोकापर्यंतची दीड मीटर उंची मिळवा. झाले साडेअकरा मीटर. पाचपट म्हणजे साडेसत्तावन्न. म्हणून चाळीस फुटी बोटीवर साठ मीटर साखळी कमीत कमी आणि ऐंशी मीटर असली तर झोप लागते.

आता वजनाचा हिशोब. दहा मिलिमीटर जाडीच्या कडीची साखळी मीटरला सुमारे सव्वादोन किलो भरते. ऐंशी मीटर म्हणजे एकशेऐंशी किलो. आमच्या भाषेत कापडाची मोठी गाठ. आणि ही गाठ कोठे ठेवलेली असते? अगदी टोकाला. कोकणात या टोकाला 'नाळ' म्हणतात. नांगर नाळेवरून सोडायचा, तेव्हा साखळीही तिथेच ठेवायची, असा सरधोपट विचार.

ट्रकमध्ये माल भरणाऱ्यांना हे लगेच समजेल. मागच्या फळीबाहेर लोंबणारी गाठ आणि मधल्या चाकांवरची गाठ यांचे वजन तेच, पण खड्ड्यात ट्रकला हिसका वेगळा बसतो. बोट लाटेवर मधल्या भागाभोवती पुढे-मागे झुलते. या झुलण्यात वजनाचा परिणाम अंतराच्या वर्गाने वाढतो. मध्यापासून पाच मीटरवर एकशेऐंशी किलो असेल तर गुणाकार १८० गुणिले २५, म्हणजे ४५००. तेच वजन तीन मीटरवर आणले तर १८० गुणिले ९, म्हणजे १६२०. पेटी दोन मीटर मागे सरकवली तर त्रास जवळपास एकतृतीयांशावर येतो. साखळी एक कडीही कमी केलेली नाही. हा हिशोब भाच्याने शेडच्या भिंतीवर खडूने मांडून दाखवला तेव्हा काम घेण्याजोगे आहे, अशी आमची खात्री झाली.

पेटी मागे न्यायची तर साखळी तिथवर पोहोचवायची कशी? पहिला विचार तिरक्या नळीचा होता. शेडमध्ये चेन-ब्लॉकला पाइप टांगून वेगवेगळ्या तिरकसपणात साखळी सोडून पाहिली. पाइप आडवा होऊ लागला की साखळी अडखळते, आणि साखळीला चिखल फासला की तर मध्येच बसून राहते. सरळ खाली पडणारी साखळी कधी अडत नाही. म्हणून शेवटी विंचच डेकवर मागे घेतला. नाळेपासून विंचपर्यंत साखळी डेकवरून येते, तिच्याखाली जाड स्टेनलेसची पट्टी घातली, म्हणजे डेक खरवडला जात नाही. विंचखालून ती उभी पेटीत पडते.

ढीग का कोसळतो

या कामातला सर्वात रंजक भाग हाच. आमच्यापैकी ज्यांनी सूतगिरणी पाहिली आहे त्यांना कार्डिंग मशीनपुढचे उंच गोल डबे आठवतील. कापसाचा जाडा पेळू डब्यात पडतो, पण तो एका जागी पडत नाही. वरची चकती फिरत असते आणि पेळूची वेटोळी गोल गोल रचली जातात. म्हणून डबा तोंडापर्यंत भरतो आणि पुढच्या मशीनवर पेळू न गुंतता निघतो. साखळीच्या पेटीवर अशी फिरती चकती नसते. साखळी एकाच बिंदूवर पडत राहते आणि तिचा धान्याच्या राशीसारखा उभा ढीग होतो. ढिगाचे टोक वाढत वाढत वरच्या भोकापर्यंत आले की मागून येणाऱ्या साखळीला पडायला जागा राहत नाही. पेटी आजूबाजूला निम्मी रिकामी असते, तरी विंच अडतो.

अडणे हा लहान त्रास. मोठा धोका दुसरा आहे. खोल समुद्रात बोट कलंडते, तेव्हा हा उभा ढीग आडवा कोसळतो. वरच्या कड्या खालच्या कड्यांखाली जातात, वेटोळ्यातून वेटोळे अडकते. मग किनाऱ्याजवळ वारा वाढला, इंजिन बंद पडले, बोट खडकांकडे चालली आणि नांगर ताबडतोब सोडायचा आहे, अशा वेळी चार मीटर साखळी जाऊन बाकीची गाठ बसते. त्या क्षणी पेटीचा कारागीर कोण होता हे विचारायला कोणी उरत नाही.

उपाय साधे आहेत. पेटी पसरट व उथळ नको; अरुंद व खोल हवी. अरुंद पेटीत ढीग भिंतींना टेकतो आणि कोसळायला जागा राहत नाही. पूर्ण साखळी आत गेल्यावरही ढिगाच्या टोकापासून वरच्या भोकापर्यंत निदान एक फूट मोकळे राहिले पाहिजे. साखळीला स्वतःच्या वजनाने खाली ओढण्यासाठी हे पडण्याचे अंतर लागतेच. भिंती गुळगुळीत, आत एकही बोल्टचे डोके किंवा वेल्डिंगचा गोळा नको. आणि भोक पेटीच्या बरोबर मध्यावर.

जागा किती लागेल हे कागदावर काढताना भले भले चुकतात. एकशेऐंशी किलो पोलाद ओतून ठोकळा केला तर जेमतेम तेवीस लिटर होईल. पण कड्यांमध्ये पोकळी असते, त्यामुळे ढीग त्याच्या तिप्पट-चौपट जागा घेतो, आणि वरचा निमुळता भाग वेगळाच. भाच्याने यावर शिरोलीचा उपाय केला. दोनशे लिटरचा तेलाचा ड्रम घेतला, वरून मधोमध सगळी साखळी सोडली आणि काठीने उंची मोजली. नंतर प्लायवूडची पन्नास सेंटिमीटर चौरस खोटी पेटी करून तेच पुन्हा केले. तळाशी शंकू ठेवला तर साखळी चारी बाजूंना पसरते असे कोणी सांगितले होते, तेही करून पाहिले. पसरते खरी, पण शंकू जागा खातो, म्हणून सोडून दिला. अशा चाचणीला एक दिवस जातो. तो दिवस बिलात धरावा, असे आमचे मत आहे.

दहा एमएम म्हणजे किती?

आता आमच्या चुकीकडे येतो. चाकीचे काम हाती घेतले तेव्हा मालक म्हणाले, साखळी दहा एमएमची आहे. जुनी चाकी झिजलेली, तिच्या खाचांवरून माप निघत नव्हते. भाच्याने बाजारातून दहा एमएमची मीटरभर साखळी आणली, तिच्यावरून लाकडी पॅटर्न करून घेतला, एस.जी. आयर्नमध्ये चाकी ओतली. आम्ही विचारले होते, "अरे, त्यांच्या साखळीचा नमुना नको का?" त्यावर तो म्हणाला, "मामू, दहा एमएम म्हणजे दहा एमएम."

एप्रिलमध्ये चाकी बसवली. पहिले काही मीटर ठीक गेले. मग ओढ वाढताच साखळी खाचांतून वर चढली, उसळली आणि एकदम सुटली. वीस-पंचवीस मीटर साखळी आवाज करत समुद्रात गेली. भाचा विंचपाशी वाकलेला होता. पाय मागे घेतला म्हणून वाचला. पॅटर्न, ओतकाम, मशिनिंग, जाण्या-येण्याचा खर्च सगळा आमच्या अंगावर आला आणि मालकाने उरलेले काम थांबवले. त्यांनी काम थांबवले यात त्यांचे काही चुकले नाही.

कारण नंतर समजले. दहा एमएम ही कडीच्या सळीची जाडी झाली. कडीच्या आतल्या पोकळीची लांबी वेगळी. डीआयएन ७६६ या जर्मन मापात दहा एमएमच्या कडीची आतली लांबी अठ्ठावीस मिलिमीटर असते, आणि आयएसओ ४५६५ या मापात तीस. फरक फक्त दोन मिलिमीटरचा. पण दहा कड्यांत तो वीस मिलिमीटर होतो आणि खाच एकीकडे, कडी दुसरीकडे अशी अवस्था होते. गंमत अशी की आठ एमएमच्या साखळीत ही दोन्ही मापे एकच, चोवीस. खड्डा नेमका दहामध्ये आहे. आणि बाजारात वजन उचलण्याची, ट्रकची, कुंपणाची अशी कसल्याही मापाची साखळी दहा एमएम म्हणूनच मिळते. आम्ही आयुष्यभर कापड विकले. पन्हा न विचारता तागा घेणाऱ्याला आम्ही हसत आलो, आणि तीच चूक आमच्या पैशाने झाली.

माप घ्यायचे ते असे. बोटीवरच्याच साखळीच्या अकरा कड्या ताणून धराव्या. पहिल्या कडीच्या आतल्या कडेपासून अकराव्या कडीच्या त्याच बाजूच्या आतल्या कडेपर्यंत मोजावे. दोनशेऐंशी आले तर अठ्ठावीसचे माप, तीनशे आले तर तीसचे. थोडे जास्त आले तर साखळी झिजून ताणली गेली आहे, तेव्हा चाकीआधी साखळीच बदलावी लागेल, हे ग्राहकाला स्पष्ट सांगावे. एका कडीवर माप घेऊ नये. जस्ताचा थर आणि गंज मिलिमीटरभर फसवतात. मीटरभर नमुना हातात आल्याखेरीज पॅटर्न करू नये.

पावसाळ्यात बोट किनाऱ्यावर ओढलेली असते, म्हणून पुन्हा करण्यासाठी आम्ही मुदत मागितली. मालकांनी नमुना पाठवला. दुसरी चाकी ओतून तयार झाली आणि ऑगस्टमध्ये महापूर आला. पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर चढले, वाहतूक काही दिवस बंद होती. समुद्रावर जायची चाकी गोड्या पाण्यामुळे शेडमध्ये अडकून पडली.

पाणी, गंज आणि जस्त

त्या सक्तीच्या सुट्टीत बाकीच्या भागांवर विचार झाला. साखळी वर येते ती खारे पाणी आणि चिखल घेऊन. जुनी पेटी नाळेत उंच होती, तिला पाणी बाहेर जायला बाजूला भोक पुरत होते. नवी पेटी मागे आणि खाली गेल्यामुळे तिचा तळ समुद्राच्या पातळीखाली आला. तिला भोक पाडले तर पाणी बाहेर जाणार नाही, आत येईल. एक सोय घेतली की दुसरी गैरसोय गळ्यात पडते. म्हणून पेटी केबिनपासून पूर्ण बंद ठेवली, तळाशी एक लहान खड्डा केला आणि त्याला हातपंप जोडला. वरच्या भोकाला झाकण दिले, नाहीतर उधाणात डेकवरचे पाणी त्यातून आत कोसळते. साखळी चिखलात पडून राहू नये म्हणून तळापासून चार बोटे उंच जाळी बसवली. ती लोखंडाची न करता वीस मिलिमीटर जाड एचडीपीई प्लास्टिकच्या पाटाला भोके पाडून केली. गंजण्याचा प्रश्नच नाही आणि साखळी आपटल्याचा आवाजही कमी.

ज्या भागांवर जस्ताचा मुलामा द्यायचा त्यांबाबत वेल्डर बांधवांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या. आधी सगळे वेल्डिंग, भोके, घासकाम पुरे करावे आणि मग गरम जस्तात बुडवायला द्यावे. मुलाम्यानंतर वेल्डिंग केले तर तिथले जस्त जळते, विषारी धूर येतो आणि नेमका जोडच गंजतो. दुसरे, बंद पाइप किंवा पोकळ खोका बुडवायचा असेल तर त्याला हवा जायला भोक ठेवलेच पाहिजे. जस्ताचे टाके साडेचारशे अंशांच्या आसपास तापलेले असते. आत कोंडलेली हवा व ओल एकदम फुगते आणि भाग फुटून वितळलेले जस्त माणसांवर उडते.

स्टेनलेसच्या बाबतीत शिरोलीत ३०४ सहज मिळते, म्हणून तेच वापरण्याचा मोह होतो. खाऱ्या पाण्यात त्यावर तपकिरी डाग आणि बारीक खड्डे पडतात. ३१६ महाग आहे, पण समुद्रासाठी तेच. आणि तेही ओल्या चिखलाखाली कायम दबून ठेवू नये. स्टेनलेसला तजेला राहतो तो हवेमुळे. हवा न लागणाऱ्या फटीत तेही खाऊन जाते.

शेवटचे टोक

सप्टेंबरात आम्ही दोघे आंबा घाटाने रत्नागिरीला गेलो. मिरकरवाडा बंदरात ओळखीचे एक वृद्ध तांडेल आहेत. त्यांना आराखडा दाखवला. त्यांनी चाकीकडे, पेटीकडे पाहिलेही नाही. एवढेच विचारले, "बेटा, साखळीचं शेवटचं टोक कशाला बांधलंस?" भाच्याने अभिमानाने दाखवले, जाड कडी, त्यात बोल्ट, बोल्टला नट. ते हसले. म्हणाले, "रात्री नांगर खडकात अडकला, वरून मोठं जहाज अंगावर येतंय, आणि तू पेटीत उतरून पाना शोधणार?"

त्यांनी सांगितलेली पद्धत सर्वत्र मान्य आहे, हे नंतर वाचनातही आले. टोक मोकळे ठेवायचे नाही, कारण तसे ठेवले तर एक दिवस सगळी साखळी नांगरासकट समुद्रात जाते. पण ते लोखंडाने जखडायचेही नाही. पेटीतल्या मजबूत कडीपासून साखळीच्या टोकापर्यंत मजबूत नायलॉनचा दोर बांधायचा, आणि तो इतका लांब ठेवायचा की पूर्ण साखळी बाहेर गेल्यावर टोक डेकवर यावे व दोर हाताशी दिसावा. प्रसंग आला तर चाकूने कापता येतो. वेळ असेल तर आधी तरंगणारा डबा बांधून टाकावा, म्हणजे साखळी नंतर शोधून काढता येते. ज्या कडीला दोर बांधायचा तिच्यामागे मोठी प्लेट द्यावी. सुटलेल्या साखळीचा शेवटचा हिसका नुसत्या फायबरला उपटून नेतो.

दोराची गोष्ट निघाली म्हणून कापडवाल्याने दोन शब्द बोलावे. या कामाला नायलॉन, कारण तो ताणतो आणि हिसका गिळतो. पॉलिएस्टर कमी ताणतो, शिडाच्या दोरांना चांगला. पॉलिप्रॉपिलीन स्वस्त, पण पाण्यावर तरंगतो आणि उन्हात लवकर कुजतो. वजन फारच कमी करायचे असेल तर निम्मी साखळी आणि निम्मा नायलॉन दोर असाही मार्ग आहे. ओल्या नायलॉनची ताकद थोडी घटते, ती धरून जाडी निवडावी.

पेटीतली हवा

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही, कारण आपली मुले वेल्डिंगसाठी गोदीत आणि जहाजांवर जातात. सप्टेंबर २००७ मध्ये उत्तर समुद्रात 'व्हायकिंग आयले' या जहाजावर नांगराची साखळी पेटीत खडखडत होती. ती बांधून ठेवण्यासाठी माणूस आत उतरला आणि बेशुद्ध पडला. त्याला काढायला गेलेलेही पडले. तिघे मेले. आत विषारी वायू नव्हता. बंद पेटीत लोखंड गंजताना हवेतला प्राणवायू खाऊन टाकते, एवढेच कारण. आत वास येत नाही, डोळे चुरचुरत नाहीत, दोन श्वासांत माणूस कोसळतो.

चाळीस फुटी बोटीच्या पेटीत माणूस पुरता मावतही नाही, पण डोके आणि खांदे जातात. महिनोन्‌महिने बंद असलेली पेटी उघडल्यावर आधी पंखा लावून हवा खेळू द्यावी, बाहेर एक माणूस उभा ठेवावा. आणि मोठ्या जहाजावर हवेची तपासणी झाल्याशिवाय कोणी कितीही घाई केली तरी उतरू नये. एकजण आत पडला तर त्याच्यामागे उडी मारायची नाही, हे घरी बसून मुलांना समजावून सांगावे. तिथे उभे असताना समजावणे शक्य नसते.

दराबद्दल थोडेसे. शिरोलीत कास्टिंग किलोवर विकण्याची सवय आहे. असे काम किलोवर घेतले तर पॅटर्नचा खर्चसुद्धा निघत नाही. नगावर दर सांगावा. पॅटर्नचे पैसे वेगळे व आगाऊ घ्यावे, पॅटर्न कोणाच्या मालकीचा राहील ते लिहून घ्यावे, आणि साखळीचे मोजलेले माप बिलावर टाकावे. आम्ही पहिल्या खेपेला यातले काहीच केले नव्हते. दुसऱ्या चाकीचे पैसे मालकांनी दिले, पहिलीचे आम्ही मागितले नाहीत.

नोव्हेंबरात बोट पुन्हा पाण्यात होती. साखळीवर दर दहा मीटरला वेगळ्या रंगाचे पट्टे मारले होते, म्हणजे किती साखळी बाहेर गेली ते पाहताक्षणी कळावे. सगळी ऐंशी मीटर सोडली, टोकाचा दोर डेकवर आला, तो सर्वांनी हात लावून पाहिला. मग विंच सुरू करून सगळी वर घेतली. असे तीनदा केले. खाली पेटीपाशी कोणी बसले नव्हते. तिसऱ्या वेळी मालकांनी झाकण उघडून बॅटरी मारली; ढीग भिंतींना टेकून बसला होता आणि वर दीड फूट जागा मोकळी होती.

भाच्याच्या शेडमध्ये दरवाजाशेजारी खिळ्याला आता साखळीचे दोन तुकडे टांगलेले आहेत. एकावर पांढऱ्या रंगाने २८ लिहिले आहे, दुसऱ्यावर ३०. चाकी विचारायला कोणी आले की तो आधी ते दोन्ही त्याच्या हातात देतो.